पगारपत्रकाबाहेरची सेवा

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी कामठी सोडते, भंडारा रोड आणि तुमसर रोड मागे टाकते, वैनगंगा ओलांडते आणि तिरोड्यावरून गोंदियाला येते. पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा. तिथे डोंगर सुरू होतो, बोगदा लागतो आणि त्यापलीकडे छत्तीसगड. मग डोंगरगड, मग राजनांदगाव. मी गोंदियाचा. हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ आहे.

१८९३ साली याच मार्गाने एक मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानात चालला होता. वय एकतीस. नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे त्याने संस्कृत ग्रंथांचं काम केलेलं, नावावर कविता, घरी बायको आणि लहान मुलगा. डब्यात त्याची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. बोलणं धर्मापर्यंत पोहोचलं. त्या प्रवाशाने त्याला नव्या कराराची एक प्रत दिली आणि 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. कवीने पुस्तक वाचायचं कबूल केलं. वाचताना तो डोंगरावरील प्रवचनापाशी थांबला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याचा बाप्तिस्मा झाला.

हा कवी म्हणजे नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात ते आपल्याला 'फुलामुलांचे कवी' म्हणून भेटतात. त्यांच्या धर्मांतराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, बाजूने आणि विरोधात. मला त्यात शिरायचं नाही. मला रस आहे तो पुढच्या भागात. टिळकांनी चर्चमध्ये एक काम स्वीकारलं आणि तेरा वर्षांनी ते सोडून दुसरं स्वीकारलं. पहिल्या कामाला पद होतं, पगार होता. दुसऱ्याला दोन्ही नव्हतं.

रस असण्याचं कारण घरगुती आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या कमिटीने मला सेक्रेटरी व्हायला सांगितलं.

मंडळी म्हणजे नेमकं कोण

आधी शब्दाचं सांगतो. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. इमारतीला देऊळ किंवा चर्च म्हणतील, पण माणसांचा जो समुदाय असतो तो मंडळी. 'काय मंडळी, जेवलात का?' मधली तीच मंडळी. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात घुमट नाही, घंटा नाही, नुसती माणसं आहेत.

आमची मंडळी लहान आहे. उपासनेत हिंदी आणि मराठी दोन्ही चालतं, कारण गोंदियात घराघरात दोन्ही चालतं. रेल्वेतून निवृत्त झालेले काका, शाळेत शिकवणाऱ्या ताया, दोन नर्सबाई, आणि पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी लागेपर्यंत गिटार वाजवणारी पोरं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घरून काम करतो, म्हणून गावात उरलोय. सेक्रेटरी व्हायला एवढी पात्रता पुरली.

काम काय? कमिटीच्या बैठकीचा वृत्तान्त लिहायचा. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं सांभाळायची. कुणाला परदेशी जायला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर चाळीस वर्षांपूर्वीची नोंद शोधून द्यायची. पाळकसाहेबांच्या घराचं छत गळतंय याचा अर्ज वर पाठवायचा. पगार शून्य. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "घे बाबा, चांगलं काम आहे. फक्त शिव्या खायची तयारी ठेव."

मी विचार करायला आठ दिवस मागून घेतले. ऑफिसात नवा रोल मिळाला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: रिपोर्टिंग कुणाला, आणि पैसे किती. इथे दुसऱ्याचं उत्तर माहीत होतं. पहिल्याचं शोधताना मी फोनवर वाचत गेलो आणि टिळकांपर्यंत आलो.

बॉस्टनहून येणारा पगार

टिळक ज्या मिशनमध्ये गेले त्याची सुरुवात १८१३ची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन त्या वर्षी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. १८३१मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणं केलं. १८४२मध्ये नगरहूनच 'ज्ञानोदय' निघालं. या सगळ्याचा खर्च बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाकडून यायचा.

त्या बोर्डाचे सचिव होते रुफस अँडरसन. त्यांचं म्हणणं त्या काळाच्या मानाने धीट होतं. ज्या देशात मिशन जातं तिथली मंडळी आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे, आपला कारभार आपण केला पाहिजे आणि आपला प्रसारही आपणच केला पाहिजे. मिशनरी हा मचाणासारखा. घर बांधून झालं की मचाण काढायचं. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन हेच सांगत होते.

१८५४-५५मध्ये अँडरसन स्वतः भारतात पाहणीला आले. इंग्रजी शाळांवर खर्च करण्यापेक्षा देशी भाषेत काम करा आणि देशी पाळक नेमा, हा त्यांचा आग्रह. नगरला इंग्रजी शाळा बंद झाली आणि त्याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. एका निर्णयाने एक दार उघडलं आणि दुसरं लागलं. पाळक मराठी झाला, पण इंग्रजी शिकून नोकरीत वर चढायचा रस्ता अरुंद झाला.

पैशाचा प्रश्न मात्र सुटला नाही. नगरच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य माणसं गावकुसाबाहेरची होती. १८७६-७८चा दुष्काळ, मग १८९९-१९००चा. ज्यांच्या घरात धान्य नाही त्यांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा? मग पगार मिशनमधून यायचा. पगार ज्याच्या हातून येतो त्याच्यापुढे मान आपोआप थोडी झुकते. मिशनरी कितीही प्रेमळ असला तरी तो पगार देणारा, आणि पाळक कितीही विद्वान असला तरी तो पगार घेणारा. कागदावर दोघेही प्रभूचे सेवकच.

मचाण काढायचं म्हणून बांधलं होतं. साठ वर्षांनीही ते जागेवरच होतं, आणि घराचा भार त्यावरच होता.

अशा पदांवर आलेली माणसं सगळी तिथेच रमली असंही नाही. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी पुण्यात पाळक झाले, काही वर्षांनी ते पद सोडून लेखन-संपादनाकडे वळले. म्हणजे पद आणि सेवा यांचं मोजमाप जुळत नाही, हा अनुभव टिळकांच्या आधीचाही आहे.

पहिली सेवा: १९०४

बाप्तिस्म्याने टिळकांचं घर मोडलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, मुलगा दत्तू त्यांच्याजवळ. जवळपास पाच वर्षं नवराबायको वेगळी होती. मग त्या नगरला आल्या आणि १९००मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ही सगळी कहाणी त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. ते पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर हा लेख अर्धवट सोडून तिकडे गेलात तरी मला राग येणार नाही.

टिळक नगरला मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले आणि १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नावामागे 'रेव्हरंड' लागलं. काही वर्षं राहुरीला काम केलं. १९१२पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं.

या पदावर बसून त्यांनी जे केलं त्याचं मोल आमच्यासारख्या मंडळीला दर रविवारी कळतं. तोवर मराठी ख्रिस्ती गायनात बरीच गीतं इंग्रजीवरून उचललेली होती. शब्द मराठी, चाल परकी, आणि जिथे ठेका पडतो तिथे भलतंच अक्षर. नगरला त्याआधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडलेली होती. टिळकांनी अभंग, भजन, पद हे सगळं मंडळीत आणलं. ज्ञानेश्वर-तुकाराम हे आपल्याला ख्रिस्ताकडे घेऊन आले, असं ते उघडपणे सांगत. आपण मिशनरी भाषणांच्या पुलावरून आलो नाही, वारकरी संतांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची भावना होती.

यातला पेच बघा. पगार अमेरिकन, भाषा तुकोबांची. मिशनने त्यांना अडवलं असंही नाही, उलट जागा दिली, नियतकालिक दिलं, गीतं छापली. तरीही गावात कुणी म्हणायचंच की हा मिशनचा माणूस, मिशनचं खातो, मिशनचं बोलतो. त्यांनी उत्तम अभंग रचला तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहायची की याचे पैसे मिळाले असतील.

आमच्या धंद्यात याला एक साधी उपमा आहे. एखाद्या मोठ्या कंपनीच्या पगारावर असलेला माणूस ओपन सोर्स कोड लिहितो. कोड चांगला असतो, हेतूही चांगला असतो. पण लोक आधी त्याच्या ईमेलमधलं कंपनीचं नाव वाचतात.

दुसरी सेवा: १९१७

त्या वेळी ही टोचणी फक्त नगरपुरती नव्हती. १९१०मध्ये एडिंबरोला जगभरातल्या मिशनांची मोठी परिषद भरली. तिथे व्ही. एस. अझारिया नावाच्या तरुण तमिळ पाळकाने मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही त्याग केलात, दान दिलंत, आता मैत्री द्या. सभेत अस्वस्थता पसरली. दोनच वर्षांनी, १९१२मध्ये, तेच अझारिया अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. त्याच वर्षी टिळक 'ज्ञानोदय'चे संपादक झाले. एकाच प्रश्नाला दोघांच्या आयुष्यात दोन उत्तरं मिळाली. अझारियांनी संस्थेत वरचं पद घेतलं. टिळकांनी पाच वर्षांनी खालची पायरी शोधली.

१९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार बंद. वय पंचावन्न. संन्यासी वृत्तीने राहायचं ठरवून ते साताऱ्याला गेले आणि तिथे 'देवाचा दरबार' सुरू केला.

दरबार हा शब्द ऐकून सिंहासन डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ती एक मोकळी बंधुमंडळी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही दार उघडं. ख्रिस्तावर प्रेम आहे, पण मिशनच्या रजिस्टरात नाव घालायचं नाही, घरदार-समाज तोडायचा नाही, अशा माणसांसाठी तोवर जागाच नव्हती. मिशनला हे अवघड वाटणं स्वाभाविक होतं. रजिस्टर हा संस्थेचा कणा असतो. कोण आत आणि कोण बाहेर हे कळलं नाही तर मतदान कुणी करायचं, दफनभूमीत जागा कुणाला, दाखला कुणाला द्यायचा? आता रजिस्टर माझ्याच कपाटात आहे, त्यामुळे ही बाजू मला आधीपेक्षा जास्त समजते.

टिळकांनी चर्चशी भांडण मांडलं नाही. ते ख्रिस्तीच राहिले, मित्र राहिले, लिहीत राहिले. त्यांनी फक्त स्वतःचं नाव पगारपत्रकावरून काढलं. आपण जे बोलतो ते विकत घेतलेलं नाही, हे सिद्ध करण्याचा त्यांना दुसरा मार्ग दिसला नसावा.

याची किंमत कुणी मोजली, हेही विचारलं पाहिजे. टिळकांच्या हातात पैसा तसाही टिकत नसे. घरखर्चाचे पैसे रस्त्यात भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येणारा हा माणूस. 'स्मृतिचित्रे'मध्ये असे प्रसंग लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, आणि हसता हसता आपल्याला कळतं की त्या रात्री चूल कशी पेटली याची काळजी एकट्या त्यांनी केली. नवऱ्याच्या त्यागाचा हिशेब बायकोच्या डब्यात निघतो.

दरबार फार चालला नाही. तब्येत खालावली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत.

दीक्षेशिवाय

इथपर्यंत वाचून टिळक मोठे वाटतात, आणि ते होतेच. पण मला या सगळ्यात सर्वांत जास्त सेवा कुणी केली असं विचाराल तर मी लक्ष्मीबाईंचं नाव घेईन.

त्या शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्याने अक्षरं शिकवली, तीही त्याच्या लहरीप्रमाणे. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळाला. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांकडे राहिले, म्हणजे व्यवहारात लक्ष्मीबाईंच्या ताटात जेवले. टिळकांना दीक्षा मिळाली त्या वेळी पाळकाची बायको हे पद नव्हतं, पण काम होतं आणि ते दिवसाचे सोळा तास होतं. पगार एकाचा, नोकरी दोघांची. आजही अनेक मंडळ्यांमध्ये हे गणित तसंच आहे.

आणि मग 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत लिहायचं, हे टिळकांचं मोठं स्वप्न. ते गेले तेव्हा दहा अध्याय झाले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली आणि चौसष्ट अध्याय लिहिले. आकडे पुन्हा वाचा. दहा आणि चौसष्ट. ज्याने रिपॉझिटरी उघडली त्याचं नाव वर, आणि जवळजवळ सगळे कमिट दुसऱ्या नावावर.

त्यांना हे काम कुणी दिलं नव्हतं. कोणत्याही कमिटीने ठराव केला नव्हता. हात ठेवून प्रार्थना करणारा दीक्षाविधी त्यांच्यासाठी नव्हता, तो तेव्हा स्त्रियांसाठी नव्हताच. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रिया पाळक होतात. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, त्यांच्या नावामागे 'रेव्हरंड' कधीच लागलं नाही. पण मराठी ख्रिस्ती माणसाचं जगणं बाकीच्या महाराष्ट्राला कळलं ते त्यांच्या गद्यामुळे. हजार प्रवचनांनी झालं नसतं ते या एका आत्मचरित्राने केलं.

साताऱ्याहून सातपुड्याकडे

टिळकांचा दरबार संपला तरी धागा तुटला नाही. जे. सी. विन्स्लो हे इंग्लिश मिशनरी टिळकांनी प्रभावित झाले होते. त्यांनी १९२३मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी 'ख्रिस्त सेवा संघ' सुरू केला होता. इंग्रज आणि भारतीय एकत्र राहणार, जमिनीवर बसून एकाच पंगतीत जेवणार, साधे कपडे घालणार. पगारदार आणि पगार देणारा ही विभागणीच नको, ही त्यामागची कल्पना.

या संघाच्या पुण्यातल्या आश्रमात १९२७मध्ये ऑक्सफर्डहून एक तरुण पाळक आला. त्याचं नाव व्हेरियर एल्विन. पुढे आदिवासी जीवनाचा अभ्यासक म्हणून गाजलेला तोच. तिथे त्याला शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. शामराव पाळक होण्यासाठी इंग्लंडला शिकायला गेला होता. परतल्यावर मात्र त्याने वेगळीच वाट धरली. १९३२च्या सुरुवातीला दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. शाळा, दवाखाना, पुढे कुष्ठरुग्णांसाठी आसरा. गोंदियाहून उत्तरेला बालाघाट ओलांडून गेलं की हाच मुलूख लागतो.

हा भाग नागपूरच्या बिशपच्या अखत्यारीत होता. तेव्हाचे बिशप अलेक्स वुड यांनी एल्विनला परवाना द्यायला नकार दिला. त्यांची अट होती निष्ठेची शपथ आणि धर्मप्रसाराची तयारी. एल्विनला गोंडांना ख्रिस्ती करायचं नव्हतं, त्यांच्यात राहायचं होतं. वाद वाढत गेला आणि १९३५मध्ये एल्विनने चर्चच सोडलं.

बिशपची बाजू वाईट म्हणून बाजूला टाकता येत नाही. वुड यांनी स्वतः चांदा भागात वर्षानुवर्षं मेहनत केली होती. संस्थेचा परवाना हवा असेल तर संस्थेचं काम करा, हे त्यांचं म्हणणं कोणत्याही मॅनेजरला पटेल. पण शामरावकडे पाहा. तो पाळक झाला नाही, बिशप त्याला अडवूही शकले नाहीत. त्याच्याकडे काढून घेण्यासारखं पदच नव्हतं. तो तिथेच राहिला, शाळा चालवली, प्रधान लोकांवर पुस्तक लिहिलं. एल्विनचं नाव जगभर झालं. शामरावचं आपल्याकडेही फार कुणाला माहीत नाही.

म्हणजे १९०४ला टिळकांनी घेतलेलं पद, १९१७ला सोडलेला पगार, लक्ष्मीबाईंनी न मागता उचललेलं काम आणि शामरावने न घेतलेली दीक्षा, या चारही गोष्टी एकाच रांगेत बसतात. चर्चचं पद संस्था देते. त्या पदावरची सेवा खरी की नुसती हजेरी, हे आजूबाजूची माणसं ठरवतात. ती माणसं फक्त एवढंच बघतात की हा कुणासाठी उभा आहे.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

या दिवशी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, आणि ज्या मंडळ्यांनी टिळकांना दीक्षा दिली होती त्याही युनायटेड चर्चमार्फत यात आल्या. ज्या शहरातून टिळकांनी राजनांदगावची गाडी धरली आणि ज्या शहराच्या बिशपने एल्विनला नाकारलं, तिथेच भारतीय माणसांच्या हातात कारभार आल्याची ही खूण उभी राहिली. अँडरसनचं मचाण एकदाचं उतरलं म्हणायचं.

मचाण उतरल्यावर घराची डागडुजी आपल्याकडे येते. बॉस्टनहून पगार येत नाही, आणि तक्रार करायला बॉस्टनही उरलेलं नाही. आता भांडणं आपली आपसात: दफनभूमीच्या जमिनीवरून, कमिटीच्या निवडणुकीवरून, उपासना मराठीत की हिंदीत यावरून. टिळकांच्या काळी 'तू कुणाचं खातोस' हा प्रश्न होता. आमच्या काळी 'तू कोणत्या गटाचा' हा आहे. दोन्हींत विचारायचं एकच असतं, की तुझा शब्द तुझाच आहे ना?

आठ दिवसांनी मी हो म्हटलं. टिळकांसारखं काही सोडायची माझी ऐपत नाही. घराचा हप्ता आहे, आईची औषधं आहेत, आणि पगार मला दुसरीकडून मिळतो म्हणूनच हे काम फुकट करणं मला परवडतं. लक्ष्मीबाईंना तेही परवडत नव्हतं आणि तरी त्यांनी केलं. हा फरक लक्षात ठेवलेला बरा, नाहीतर बिनपगारी असण्याचाही अहंकार येतो.

पहिल्या महिन्यात जुनी वृत्तान्तपुस्तकं चाळली. पिवळी पानं, सुबक शाईचं अक्षर, तीन-चार सेक्रेटरींची वळणं. ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं व्यवस्थित. कोणत्या साली पंखे बसले ते कळतं, कोणत्या साली कुणाशी कशावरून वाजलं तेही ओळींमधून कळतं. पण ज्या बायका दर शनिवारी येऊन जमीन पुसतात, प्रभुभोजनाची भांडी घासतात, आजारी माणसाच्या घरी डबा पोहोचवतात, त्यांचं एकही नाव एवढ्या वर्षांच्या पानांत मला सापडलं नाही.

आता बैठकीच्या वृत्तान्तात शेवटी एक परिच्छेद असतो. त्या महिन्यात कुणी काय केलं, नावानिशी. खजिनदारकाका पहिल्यांदा म्हणाले, "हे ठरावात कुठं बसतं?" मी म्हटलं, "ठरावात नाही बसत काका, पण झालंय ना?" त्यांनी चष्मा वर केला, यादी पुन्हा वाचली आणि म्हणाले, "दोन नावं राहिली." आणि सांगितली. मी लिहून घेतली.